गोगलगाय : नित्य स्त्रीलिंगी

मराठीतल्या कुठल्याही शब्दाचं लिंग मला विचारा! झोपेतून उठवून विचारा, कूस न बदलता सांगेन! 'बाग' उभयलिंगी : तो बाग, ती बाग, दोन्ही चालतं. 'वेळ' उभयलिंगी. 'ढेकर'सुद्धा उभयलिंगी, मग देणारा कोणीही असो! मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. म्हणजे लोक लिहितात आणि मी त्यांच्या चुका काढतो. छापखान्यात मला पाठीमागे 'अनुस्वार' म्हणतात, कारण मी कोणाच्याही डोक्यावर जाऊन बसतो. मला ती पदवी वाटते.

तर मध्यंतरी माझा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि विचारलं, "दिवसभर काय करता?"

"चुका काढतो."

"आणि घरी गेल्यावर?"

बायको सोबत होती. तिनं माझ्या आधी उत्तर दिलं, "तेच."

डॉक्टर म्हणाले, "एखादा प्राणी पाळा. त्याच्याकडे बघत बसा. पण शांत प्राणी हवा, तुम्हाला शांत करणारा."

बायकोचा चेहरा पडला. त्याला कारण होतं. मागे मी दोन मासे आणले होते. दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं की दोन्ही नर आहेत. पुढे घरातल्या बादल्या पुरेनात! शेवटी आम्ही सकाळी दात घासायचे मगसुद्धा माशांना दिले आणि ओळखीपाळखीत मासे वाटत फिरलो. काही ओळखी त्यात कायमच्या तुटल्या.

"प्राणी आणा," बायको म्हणाली, "पण जोडी नको. पिलावळ नको. आणि माझ्या बाल्कनीत काही नको. यंदा माझं झाड प्रदर्शनात जायचंय, हे लक्षात ठेवा."

हे झाड म्हणजे जास्वंद. सहा वर्षं बायको दोन जातींचा संकर करून नव्या रंगाचं फूल काढायच्या मागे होती. बी धरायचं, रोप वाढवायचं, फुलायची वाट बघायची, आणि फुललं की तोच जुना लाल! पण गेल्या वर्षी एका रोपाला धुरकट निळं फूल आलं, कडेला बारीक नारिंगी रेघ असलेलं. असं फूल कोणी पाहिलं नव्हतं. दुर्दैव असं की ते फुललं प्रदर्शन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि जास्वंदीचं फूल एक दिवसाचं पाहुणं! संध्याकाळी मिटलं ते मिटलं. पुष्पप्रेमी मंडळाचा नियम कडक होता. परीक्षकांनी उमललेलं फूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नव्या जातीची नोंद नाही. त्यामुळे यंदाच्या प्रदर्शनावर बायकोची सहा वर्षं टांगलेली होती.

मी छापखान्यात विचार करत बसलो. शांत प्राणी, पिलावळ नको. आणि मागच्या नळाशी हात धुताना ओल्या भिंतीवर मला त्या दिसल्या. दोन गोगलगायी! एक थोडी मोठी, एक थोडी लहान. इतका संथ प्राणी मी आमच्या छापखान्यातल्या शिपायानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. दोघींना रिकाम्या डब्यात घालून घरी आणलं.

"दोन?" बायको म्हणाली. "जोडी नको म्हटलं होतं ना मी?"

"अगं, जोडी कशी होईल? ही गोगलगाय आणि ती पण गोगलगाय! गाय म्हणजे गाय! गोगलबैल कधी ऐकलायस? शब्दकोशातही नाही. नित्य स्त्रीलिंगी शब्द आहे!"

"शब्द आहे हो. पण प्राणी?"

"शब्द काय आकाशातून पडतात? आपले पूर्वज वेडे होते? बघूनच नाव ठेवलं असेल ना! या दोघी बहिणी आहेत असं समज. थोरली आणि धाकटी."

बायको माझ्याकडे जरा वेळ नुसती बघत राहिली. मग काही न बोलता आत गेली आणि भावाशी फोनवर बोलत बसली. मी जिंकलो होतो.

माशांची काचेची टाकी रिकामीच होती. बायकोच्या पोत्यातली कुंडीची माती तिच्यात पसरली आणि थोरली-धाकटीचा संसार मांडून दिला. खरं सांगतो, माझा रक्तदाब उतरला! छापखान्यातून आलो की मी टाकीसमोर बसायचो. धाकटी काकडीच्या सालीकडे निघायची. मी चहा संपवून, कपडे बदलून, हातपाय धुऊन यायचो, तरी ती वाटेतच. कधीकधी दोघी एकमेकींना बिलगून तासन्‌तास बसायच्या. बहिणींमध्ये असं प्रेम मी आमच्या घराण्यात तरी पाहिलं नव्हतं.

असे काही महिने गेले आणि आमच्याकडे शाळेसाठीचं जीवशास्त्राचं पुस्तक छपाईला आलं. लेखिका एक प्राध्यापिकाबाई. सजीव कसे जन्मतात, कसे बदलतात, कसे टिकतात, असं सगळं त्यात होतं. मी अर्थात शब्द वाचतो. अर्थ वाचण्याचा पगार मला मिळत नाही. वाचता वाचता एका वाक्यावर माझी लाल पेन्सिल थबकली.

'गोगलगाय उभयलिंगी असते.'

मी मोठ्यानं हसलो! तो गोगलगाय? 'तो गोगलगाय भिंतीवर चढला'? विज्ञानाच्या माणसांचं व्याकरण हे असं! मी 'उभयलिंगी' खोडलं, वर 'स्त्रीलिंगी' लिहिलं आणि कडेच्या समासात ठणकावून टीप दिली, 'हा शब्द नित्य स्त्रीलिंगी आहे. कृपया मनाने लिहू नये.' मालकांच्या टेबलावर मुद्रितं ठेवली आणि सुखानं घरी आलो.

घरी टाकीतली माती बदलायला झाली होती. वरची माती उपसली तर खाली पांढऱ्या, गोल, टपोऱ्या दाण्यांचे दोन ढीग! मी लगेच ओळखलं, खत! बायकोच्या मातीत पांढरे दाणे असतातच. ओलीनं फुगले असणार. एवढं खत वाया का घालवा? बायको बाहेर गेली होती. मी ती सगळी माती दाण्यांसकट तिच्या लाडक्या जास्वंदीच्या कुंडीत घातली, वरून छान पाणी दिलं, हात झटकले. बायकोला सांगितलं नाही. चांगलं काम गुपचूप करावं, अशी आमच्या वडिलांची शिकवण होती.

थोड्या दिवसांनी बायको बाल्कनीतून ओरडली, "अहो! पानं कोणीतरी खातंय!"

मी जाऊन पाहिलं. पानांची चाळण झाली होती. "टोळ!" मी निर्णय दिला. "आला, खाल्लं, उडून गेला. टोळ हा शब्द पुल्लिंगी आहे. एका ठिकाणी थांबणं त्याच्या स्वभावात नाही. परत यायचा नाही तो."

दुसऱ्या दिवशी आणखी तीन पानं गेली. टोळाचा स्वभाव बदलला असावा.

आणि मग छापखान्यात माझ्यासाठी फोन आला. प्राध्यापिकाबाई!

"माझ्या पुस्तकात गोगलगायीला स्त्रीलिंगी तुम्ही केलंत?"

"मी नाही केलं. ती आहेच."

"अहो, ती उभयलिंगी असते!"

"एक उदाहरण द्या," मी शांतपणे म्हणालो. "कुठल्याही लेखकाचं. 'तो गोगलगाय' तुम्ही कुठे वाचलंत?"

"वाचायचं काय त्यात? मी स्वतः पाहिलंय!"

"कुठे पाहिलंत?"

"सूक्ष्मदर्शकाखाली!"

"बाई, शब्दाचं लिंग सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्याला कान लागतो."

मग बाई एखाद्या लहान मुलाशी बोलावं तशा सावकाश बोलू लागल्या. "मी शब्दाबद्दल बोलत नाहीये. मी गोगलगायीबद्दल बोलतेय. प्रत्येक गोगलगायीच्या शरीरात नराचेही अवयव असतात आणि मादीचेही. कळलं?"

"एकीतच? दोन्ही?"

"दोन्ही."

"समजा, दोन गोगलगायी एकत्र ठेवल्या, अगदी सख्ख्या बहिणींसारख्या, तर मग पिल्लं कोणाला होतात?"

"दोघींना!"

"दोघींना?"

"तेच तर कौतुक आहे! संथ प्राणी. जन्मभरात भेटून भेटून भेटणार किती जण? त्यात नर-मादी हवं म्हणून अडून बसले तर जातच बुडायची. म्हणून जो भेटेल त्याच्याशी जमतं. मग दोघीही मातीत अंडी घालतात. शंभर-दोनशे, प्रत्येकी."

"दिसतात कशी?" हे मी विचारलं खरं, पण उत्तर मला ठाऊक होतं.

"पांढरी, गोल, टपोरी. लोकांना खताचे दाणे वाटतात बघा!" बाई हसल्या.

मी फोन ठेवला आणि तडक घरी पळालो. जास्वंदीचं एक पान उलटं केलं. खाली मोहरीपेक्षा जरा मोठ्या, गोंडस अशा सात-आठ गोगलगायी ओळीनं बसून चरत होत्या. माझीच नातवंडं!

आता बायकोला सांगायला हवं होतं. मी आत गेलो. ती प्रदर्शनाचा कागद भरत होती आणि गुणगुणत होती. मी म्हटलं, "पाणी दे जरा," आणि पाणी पिऊन बाहेर आलो.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठून बाल्कनीत बसू लागलो. दिसेल ती गोगलगाय वेचायची, जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात टाकायची आणि छापखान्यामागच्या नळाशी सोडायची. एकदा मालकांनी "आज काय आणलंय?" म्हणत तो कप्पा उघडला. मालक शुद्ध शाकाहारी आहेत. तेव्हापासून ते माझ्या डब्याकडे बघतसुद्धा नाहीत.

बायको मात्र खूश! "आजकाल झाडात फार लक्ष घालताय," ती म्हणाली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या हातात तिचा नेहमीचा बारीक ब्रश होता. दुसऱ्या एका जास्वंदीच्या फुलात तिनं तो अलगद फिरवला.

"हे काय करतेस गं?"

"परागकण घेतेय. आता ते त्या पिवळ्या फुलाला लावायचे. एकाच फुलात दोन्ही असतं ना, पुंकेसरही आणि स्त्रीकेसरही. जास्वंदीचं फूल उभयलिंगी असतं."

मी ब्रशकडे बघत राहिलो. तो शब्द सहा वर्षं माझ्या बाल्कनीत राहत होता!

"सहा वर्षं मी इथे ब्रश घेऊन काय करत होते असं वाटलं तुम्हाला?" बायकोनं विचारलं.

"मला वाटायचं, धूळ झटकतेस."

ती रागावली नाही. हसली, आणि मग कितीतरी वेळ मला समजावून सांगत राहिली. कोणतं फूल आई, कोणतं बाप, निळा रंग कुठून आला असेल, नारिंगी रेघ कोणत्या आजीकडून आली असेल. इतक्या वर्षांत मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्याच क्षणी सगळं कबूल करावं असंही वाटलं. पण ती इतकी आनंदात होती की माझी जीभच उचलेना.

मी दुप्पट जोमानं वेचू लागलो. पण गंमत बघा! गोगलगायी दिसायच्या कमी झाल्या, आणि पानं मात्र संपतच होती. शेवटी मीच बाईंना फोन केला. घरची गोष्ट एका मित्राची म्हणून सांगितली.

"तुमचा मित्र कोणत्या वेचतो?" बाईंनी विचारलं.

"दिसतात त्या!"

"मग उरतात कोणत्या?"

"न दिसणाऱ्या."

"झालं तर! मातीच्या रंगाच्या, देठाच्या बेचक्यात लपणाऱ्या. निसर्गात पक्षी करतात तेच तुमचा मित्र करतोय, निवड! असंच चालू ठेवलं तर पुढच्या पिढ्यांत त्याला एकही सापडायची नाही."

"म्हणजे मी त्यांना लपायला शिकवतोय?"

"शिकवत नाही, तुमचा मित्र परीक्षा घेतोय. पास होतील त्यांना झाड बक्षीस!" मग बाई म्हणाल्या, "बरं, ठेवते. पुष्पप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनात परीक्षक आहे मी, त्याची तयारी करायचीय."

म्हणजे बायकोचं झाड बाईंच्याच पुढे जाणार होतं!

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी झाडाला पाच पानं आणि एक कळी उरली होती. पण काय कळी होती! लांबट, टपोरी, टोकाशी निळसर झाक. बायकोनं ती बोटानं हलकेच दाबून पाहिली. "उद्या सकाळी उमलणार," ती म्हणाली. "टोळानं एवढी एक सोडली तर बरं."

"टोळाच्या बापाची हिंमत नाही!" मी गरजलो. "मी जबाबदारी घेतो! सकाळी तुला इथे फूल दिसेल, याची खात्री माझी!"

बायको पुन्हा जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली.

मला नामी युक्ती सुचली होती. थोरली-धाकटीला मी मघाशीच डब्यात हलवलं होतं. टाकी घासूनपुसून लख्ख केली. कळीची फांदी चहूबाजूंनी तपासली. वरून, खालून, भिंग लावून. मुद्रितशोधकाची नजर! मग टाकी उलटी करून कुंडीवर अशी बसवली की आत मुंगीसुद्धा शिरू नये. सगळीकडून चिकटपट्टी मारली. काचेआड ती कळी एखाद्या राजकन्येसारखी दिसत होती. मी शांतपणे झोपलो. किल्ला अभेद्य होता!

सकाळी चिकटपट्टी जशीच्या तशी होती. बाहेरून आत खरोखर काही शिरलं नव्हतं.

जे होतं ते आधीपासूनच आत होतं. काचेवर, आतल्या बाजूनं, मातीच्या रंगाची एक गोगलगाय चिकटली होती. परीक्षेत पहिली आलेली! तिच्या मागे चमकदार वाट होती आणि वाटेच्या त्या टोकाला नुसता देठ. कळी नव्हती. पाच पानंही नव्हती. रात्रभर मी तिला बंद खोलीत, कोणी त्रास देणार नाही अशा बंदोबस्तात, जेवायला बसवलं होतं.

मी तिथेच खाली बसलो. बायको आली आणि देठाकडे बघत उभी राहिली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. थोरली, धाकटी, खत, डबा, फोन, मित्र, सगळं. शेवटी म्हटलं, "सहा वर्षं तू खपलीस आणि मी एका व्याकरणापायी सगळं घालवलं गं!"

"म्हणजे टोळ नव्हताच," ती म्हणाली.

"नव्हता."

"आणि तुम्ही इतके दिवस रोज माझ्याशेजारी बसून हे पोटात ठेवलंत?"

मी टाकीची चिकटपट्टी सोडवू लागलो.

"मी उगाच त्या बिचाऱ्या टोळाला नावं ठेवत होते. खरी गोगलगाय, पोटात पाय, ती तर माझ्याच घरात चहा पितेय!" ती रागानं लाल झाली होती. डोळ्यांत पाणी होतं. तिनं देठावरून एकदा बोट फिरवलं. मग पदरानं डोळे पुसले आणि आत जाऊन फोन उचलला.

"दादा, निघालास का? हो, हेच झालं. इथली कळी गेली. नीट धरून आण, गाडीत खिडकी लावून घे."

मी उठून उभा राहिलो. "काय आणतोय तो?"

"झाड."

"कुठलं झाड?"

"हेच. याचं कलम. त्याच्या गच्चीवर आहे."

प्रदर्शनाच्या दारात मेव्हणा कुंडी पोटाशी धरून उभा होता. भरगच्च हिरवं झाड, आणि त्यावर ताटलीएवढं धुरकट निळं फूल, कडेला नारिंगी रेघ! लोक गर्दी करून बघत होते. प्राध्यापिकाबाईंनी तर चष्मा दोनदा पुसला. दुपारी नव्या जातीची नोंद झाली आणि माझ्या बायकोचं नाव मोठ्यांदा पुकारलं गेलं. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारचे गृहस्थ सरकून बसले.

मग माझा आवाज ओळखून बाई माझ्यापाशी आल्या. "तुमचा मित्र कसा आहे?" त्यांनी मिस्कीलपणे विचारलं. मी लगेच पुस्तकाबद्दल माफी मागितली आणि म्हटलं, उद्याच्या उद्या ते वाक्य पूर्ववत करतो.

"ते कधीच पूर्ववत झालंय," बाई म्हणाल्या. "तुमचे मालक सगळ्याच लेखकांना पुस्तक परत दाखवतात. 'आमचे अनुस्वार फार खात्रीनं खोडतात, एकदा बघून घ्या' म्हणतात."

घरी येताना कुंडी माझ्या मांडीवर होती. मी बायकोला हळूच विचारलं, "कलम कधी केलंस?"

"तुम्ही गोगलबैल शब्दकोशात नाही म्हणालात ना, त्याच आठवड्यात दादाला बोलावून फांदी दिली."

"म्हणजे तुला ठाऊक होतं, त्यांना पिल्लं होतात ते?"

"मला काय ठाऊक? मला गोगलगायींतलं काही कळत नाही. मला तुम्ही ठाऊक आहात. इतकी वर्षं संसार केला. तुम्ही कसली खात्री दिलीत की मी दुसरीकडे सोय करून ठेवते. घराची किल्ली शेजारी आहे, गॅसचं दुसरं सिलिंडर ताईकडे आहे. जगायचं तर जुळवून घ्यावं लागतं, अहो!"

म्हणजे घर, छापखाना, मेव्हणा, सगळे आपापल्या परीनं बदलले होते आणि मी एकटाच जसाच्या तसा! मला मनापासून शरम वाटली. तिचा हात हातात घेऊन मी म्हटलं, "ऐक. यापुढे मी कशाचीही खात्री देणार नाही. बदललो मी आजपासून. अगदी शंभर टक्के! याची मी तुला खात्री देतो!"

बायको जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दुसऱ्या हातानं पर्स उघडली आणि भावाला फोन लावला.